प्रभारी कुत्रा

तिसऱ्या मजल्यावरील रहिवाशाचा कुत्रा इतर कुत्र्यांशी सौजन्याने वागत नाही, ही बाब इमारतीच्या व्यवस्थापक समितीच्या निदर्शनास आली आणि समितीने तिची गंभीर दखल घेतली. गंभीर दखल घेण्याची पद्धत ठरलेली होती. सचिव चष्मा काढत, खजिनदार चष्मा लावत, आणि उरलेल्या तीन सभासदांना चष्मे नसल्यामुळे ते नुसतेच गंभीर होत. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. संबंधित कुत्र्याने साठ दिवसांच्या आत 'सहअस्तित्व-क्षमता प्रमाणपत्र' सादर करावे, अन्यथा त्यास इमारतीबाहेर काढण्यात येईल. खाली तळटीप होती: सदर सूचना कुत्र्यास वाचून दाखवण्याची जबाबदारी मालकाची राहील.

मालकाने ती वाचून दाखवली. तो स्वभावानेच नियम पाळणारा होता. एका मोठ्या कार्यालयात तो आवक-जावक कारकून होता. आलेल्या पत्रावर आल्याचा शिक्का, गेलेल्या पत्रावर गेल्याचा. मधल्या काळात पत्राचे काय होते, याची चौकशी त्याच्या कक्षेत येत नसे. बोलायची वेळ आली की शब्द त्याच्या घशाशी येऊन रांगेत उभे राहत आणि एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत. कार्यालयात त्याला कुत्रेही विचारत नव्हते. घरी मात्र विचारत असे. संध्याकाळी जिन्यात त्याचे पाऊल वाजले की आतून पंजांनी दार खरवडल्याचा आवाज येई, आणि दिवसभरात कुणीतरी आपली वाट पाहिली याचा तेवढाच एक पुरावा त्याच्या पदरी पडे.

कुत्र्याचे नाव सुभेदार. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा दुमडलेला, जणू अर्धे ऐकायचे आणि अर्धे सोडून द्यायचे असे त्याने लहानपणीच ठरवून टाकले होते. माणसांवर त्याची माया होती, मांजरांशी त्याचे धोरण तटस्थतेचे होते. पण दुसरा कुत्रा दिसला की त्याच्या अंगात येई. मागच्या दोन पायांवर उभा राहून तो असा काही भुंके, की भिंतीवरची घड्याळे क्षणभर थांबत असावीत. चावला मात्र तो कुणालाही नव्हता.

ज्या घटनेवरून हे सारे घडले, ती घटना जिन्यात घडली. खजिनदारांकडे लोकर नावाचा पांढराशुभ्र, झुपकेदार कुत्रा होता. इमारतीत कुत्रा पाळायला परवानगी लागे, आणि परवानगी देणारे अधिकारी खुद्द खजिनदारच असल्यामुळे स्वतःकडेच अर्ज करणे त्यांना प्रशस्त वाटले नव्हते. म्हणून समितीच्या नोंदवहीत लोकरची नोंद 'पायपुसणे, पांढरे, नग एक (सजीव)' अशी होती. परिणामी सुभेदारावरच्या आरोपपत्रातही तो एका पायपुसण्यावर सलग चार मिनिटे भुंकला आणि पायपुसण्याच्या मनावर त्याचा विपरीत परिणाम झाला, असेच लिहिणे भाग पडले. समितीने तेही एकमताने मंजूर केले.

कारकुनाच्या थोरल्या बहिणीने शिवणयंत्र थांबवून कागद दोनदा वाचला. ताई घरच्याच पुढच्या खोलीत शिवणकाम करी आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा एक-दोन धारांनी पुढेच असे.

"तुझ्या वाटचं तो भुंकतो रे," ती म्हणाली. "त्याला गप्प केलं तर या घरातून आवाज म्हणून जायचा तो फक्त माझ्या मशीनचा."

कारकुनाने सुभेदाराच्या दुमडलेल्या कानामागे खाजवले.  त्या रात्रीचे जेवण त्याने तसेच झाकून ठेवले, यावरून ताईला जे कळायचे ते कळले.

कुत्र्यांना वळण लावणाऱ्या प्रशिक्षिकेचा पत्ता दिला तो फाटकावरच्या पहारेकरी काकांनी. काका चौदा वर्षे त्याच लाकडी खुर्चीवर बसत आणि डब्यातला शेवटचा घास न चुकता सुभेदारासाठी ठेवत. ते म्हणाले, की पलीकडे एक बाई राहतात, त्यांनी असे पुष्कळ मार्गाला लावलेत. कुत्रेही आणि मालकही.

प्रशिक्षिका बाई उंचीने कमी होत्या आणि बोलायला त्याहून कमी. कमरेला बिस्किटांची पिशवी आणि गळ्यात शिटी. ती शिटी त्यांनी शेवटपर्यंत एकदाही वाजवली नाही. सोबत त्यांची म्हातारी कुत्री असे. तिला सगळे 'मावशी' म्हणत. मावशीने आयुष्यभरात इतक्या कुत्र्यांचा संताप पाहिला होता, की समोर कुणी भुंकू लागला की तिला झोप येई.

पहिला धडा इमारतीमागच्या पाण्याच्या टाकीपलीकडे, कुंपणाबाहेरच्या मोकळ्या जागेत झाला. मावशी ऐंशी पावलांवर उभी राहिली. सुभेदाराने तिला पाहिले, त्याचे अंग ताठरले, मग जे व्हायचे ते झाले. बाईंनी कुत्र्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्या कारकुनाच्या मनगटाकडे पाहत होत्या.

"दोर कोण ओढतंय?" त्यांनी विचारले.

तो ओढतोय, असे कारकून पुटपुटला.

"नाही. मावशी दिसली आणि आधी तुमची मूठ आवळली. मग त्याला कळलं, की भिण्यासारखं काहीतरी आहे. भ्यायचं तुम्ही आणि भुंकायचं त्यानं, अशी कामाची वाटणी आहे तुमची."

पद्धत साधी होती. कुत्र्याला इतके लांब उभे करायचे, की समोरचा दिसेल पण माथे फिरणार नाही. त्याला पाहू द्यायचे. पाहून झाले आणि त्याने आपणहून मान वळवली, की बिस्किट. दोर कायम सैल. दुसऱ्या दिवशी दोन पावले पुढे. भुंकला तर रागवायचे नाही, आपण घाई केली असे समजून चार पावले मागे यायचे.

सुभेदार चार दिवसांत शिकला. कारकुनाला तीन आठवडे लागले. मूठ सैल सोडण्याचा सराव तो शिक्का मारताना करी, जिन्याच्या कठड्यावर करी, झोपेतही करी. तो बेसावध असताना ताई त्याच्या मागे मुद्दाम कात्री पाडे आणि त्याची बोटे आवळली की नाही ते पाहून त्याला गुण देई. तिसाव्या दिवशी चाळीस पावलांवर आलेला सुभेदार अचानक पुन्हा उसळला. बाईंनी कारकुनाला बाजूला घेऊन, आज कार्यालयात काय झाले ते विचारले. काही नाही, तो म्हणाला. मग दोराशी चाळा करत म्हणाला, की मुख्य कारकुनाने स्वतःची चूक सगळ्यांसमोर माझ्या नावावर लावली आणि मी तिच्यावर आल्याचा शिक्का मारून घेतला. बाईंनी मान हलवली आणि मावशीला पुन्हा पन्नास पावलांवर नेले.

चोपन्नाव्या दिवशी सुभेदार आणि मावशी शेजारी शेजारी चालले. मग एक वळसा घेऊन सुभेदार मागून आला, त्याने मावशीची शेपटी हुंगली आणि विचारात पडल्यासारखा उभा राहिला. मावशीने जांभई दिली. सुभेदारानेही दिली. टाकीमागच्या गवतावर उन्हाचा शेवटचा तुकडा पडला होता, आणि कारकुनाच्या हातात दोर होता, पण हातात काही आहे असे त्याला वाटत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी धरून ठेवले आणि आवळले नाही, असे त्याच्या मनात आले, आणि ते कुणाला सांगता येण्यासारखे नव्हते म्हणून त्याने दोनदा नाक पुसले.

त्याच संध्याकाळी त्याने परीक्षेसाठी अर्ज केला, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

नियमानुसार परीक्षार्थी कुत्र्यास दुसऱ्या कुत्र्यासमोर दहा मिनिटे शांत राहणे आवश्यक होते. दुसरा कुत्रा प्रमाणपत्रधारक असणे आवश्यक होते. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी त्यालाही एका प्रमाणपत्रधारक कुत्र्यासमोर शांत राहिलेले असणे आवश्यक होते. इमारतीत आजवर कुणालाच प्रमाणपत्र दिलेले नसल्याने पहिला कुत्रा कुठून आणायचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा असून समितीच्या कक्षेबाहेरचा आहे, असे सचिवांनी सांगितले. कारकुनाने मोठ्या कष्टाने मावशीचे नाव सुचवले. मावशी बाहेरची, बाहेरच्या कुत्र्याला प्रमाणपत्राशिवाय फाटकातून प्रवेश नव्हता. ताईने लोकरकडे बोट दाखवले. खजिनदारांनी नोंदवही उघडून दाखवली. पायपुसणे परीक्षक म्हणून चालणार नव्हते.

अशा वेळी कुठलीही व्यवस्था जे करते तेच समितीनेही केले. पदावर नेमायला पात्र व्यक्ती उपलब्ध नसेल, तर अपात्र व्यक्तीकडे पदाचा अतिरिक्त कार्यभार सोपवता येतो. त्या आधारे 'प्रभारी कुत्रा' असे एक तात्पुरते पद निर्माण करण्यात आले, आणि अतिरिक्त कार्यभाराची सवय एकाच माणसाला असल्यामुळे पहारेकरी काकांना बोलावणे गेले.

काकांनी आदेश शांतपणे ऐकून घेतला.

"साहेब, मी इथं अनोळखी माणूस दिसला की ओरडतो, ओळखीचा दिसला की उठून उभा राहतो, आणि उरलंसुरलं खातो," ते म्हणाले. "चौदा वर्षं झाली. कागदावर यायचं तेवढं बाकी होतं."

सभेत कुणी हसले नाही. मात्र आदेश टंकलिखित होत असताना खजिनदारांच्या लक्षात आले, की प्रभारी कुत्र्याचा अहवाल अंतिम असून तो समितीवर बंधनकारक राहील. म्हणजे हे सहीचे पद होते. सहीचे पद नोकरमाणसाला देणे योग्य नव्हे, याविषयी पाचही सभासदांचे एकमत झाले, आणि ते पद कुणाला द्यावे याविषयी पाचही सभासदांची पाच मते झाली. ज्यांनी कालपर्यंत या पदाला नाके मुरडली, ते आता आपापली ज्येष्ठता मोजू लागले. एका सभासदाने आपल्याला लहानपणी कुत्रा चावल्याचा दाखला जोडला. अखेर सचिव प्रभारी कुत्रा झाले आणि खजिनदारांची समजूत काढण्यासाठी त्यांना सहायक प्रभारी कुत्रा करण्यात आले. काका आपल्या खुर्चीवर परत गेले. एका दिवसाचा कार्यभार गेल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर फारसे दिसले नाही.

पद म्हटले की पदाचे चिन्ह आले. सचिव शेपटीचे मोजमाप द्यायला ताईकडे आले. शेपटी सरळ हवी की वाकडी, असे ताईने तोंडात टाचण्या धरून विचारले. सचिवांनी हा धोरणात्मक प्रश्न सभेपुढे नेला, आणि 'प्रथमदर्शनी वाकडी, परंतु सुधारणेस वाव असलेली' असा ठराव झाला. सुधारणेचा वाव तपासण्यासाठी ती तयार शेपटी दोन दिवस एका नळीत घालून ठेवण्यात आली. नळीतून काढल्यावर तिचे काय झाले, हे निराळे लिहायला नको. म्हणी उगाच पडत नाहीत.

साठाव्या दिवशी सकाळी अंगणात परीक्षा झाली. सगळ्या खिडक्या भरल्या होत्या. सचिव कोटावर शेपटी लावून, हातांना धूळ लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र पसरून, चार पायांवर उभे राहिले. त्यांच्या उजवीकडे खजिनदार, शेपटी एक वीत आखूड. बाईंना फाटकाबाहेरूनच पाहण्याची परवानगी मिळाली होती. कारकुनाच्या हातात दोर होता. पण त्याची मूठ सैल होती.

सुभेदार दहा पावलांवर थांबला. त्याने सचिवांकडे पाहिले. सचिवांना त्याने आजवर शेकडो वेळा पाहिले होते. या पातळीवर मात्र पहिल्यांदाच. त्याने नीट पाहून घेतले, मान वळवली आणि कारकुनाकडे बिस्किटासाठी तोंड केले.

परीक्षेच्या कलम सातनुसार प्रभारी कुत्र्याने चिथावणी देणे आवश्यक होते. सचिव भुंकले. खिडक्यांतून कुणीतरी दाद दिली. सुभेदाराने जांभई दिली.

"जोर नाही," खजिनदार हळूच म्हणाले.

"काय म्हणालात?"

"पोटातून यायला हवं. तुमचं सगळं नाकातून येतं. सभेतही तसंच येतं."

सचिवांनी चार पायांवरच तोंड वळवले. टाकीच्या खोलीची किल्ली सहा वर्षे कुणाच्या खिशात आहे, असे त्यांनी विचारले. खजिनदारांनी उलट विचारले, की अकरा महिने बंद असलेल्या लिफ्टची दुरुस्ती कुणाच्या मेव्हण्याला दिली आहे. पुढचे शब्द कुणाला नीट ऐकू आले नाहीत, कारण तोवर ते शब्द राहिले नव्हते. दोघे वर्तमानपत्रावर गोल गोल फिरू लागले. सचिवांनी खजिनदारांच्या विजारीचा पाय दातांत धरला. धन्याचा आवाज ऐकून लोकर जिन्यातून धावत आला आणि पायपुसण्याला न शोभेल अशा रीतीने भुंकू लागला. खिडक्यांतले लोकही दोन गट करून एकमेकांवर ओरडू लागले. सुभेदाराने एकदा सचिवांकडे, एकदा खजिनदारांकडे, एकदा लोकरकडे आणि शेवटी वरच्या सगळ्या खिडक्यांकडे पाहिले. प्रत्येक वेळी मान वळवली आणि एकंदर तेवीस बिस्किटे मिळवली.

हे दोघे तुमच्याकडे शिकायला पाठवता येतील का, असे ताईने फाटकापाशी येऊन बाईंना विचारले.

"माणसं मी घेत नाही," बाई म्हणाल्या. "बिस्किटं पुरत नाहीत."

अहवालावर सचिवांची सही झाली. शेजारी दातांत अडकलेला कापडाचा तुकडा पुरावा म्हणून जोडला होता. सुभेदाराला प्रमाणपत्र मिळाले. अट एकच: यापुढे तो इमारतीच्या आवारात एकदा जरी भुंकला, तरी प्रमाणपत्र रद्द आणि कुत्रा बाहेर. ताईने प्रमाणपत्राला कापडी किनार लावून ते मशीनच्या वर टांगले. त्या रात्री कारकून दोनदा वाढून घेऊन जेवला.

गोष्ट इथे संपली असती तर ती सुखान्त ठरली असती. पण समितीला पद्धत आवडली होती. पाहा, मान वळवा, बिस्किट घ्या: इतक्या सोप्या गोष्टीने एवढा मोठा संताप विझतो, तर ती एकट्या कुत्र्यापुरती का ठेवावी, असा सचिवांचा सवाल होता, आणि त्यावर खजिनदारही त्यांच्याशी सहमत झाले. दोघांचे असे एकमत पूर्वी कधी झाले नव्हते. बंद लिफ्टसमोर वीस पावलांवर चुन्याची रेघ मारण्यात आली. रहिवाशाने रेघेवर उभे राहावे, लिफ्टकडे पाहावे, आपणहून मान वळवावी आणि शेजारच्या डब्यातून एक बिस्किट घ्यावे. दर आठवड्याला रेघ पाच पावले पुढे सरकू लागली. महिन्याअखेरीस लोक लिफ्टच्या दाराला पाठ टेकवून गप्पा मारत बिस्किटे खाऊ लागले. मग तसाच डबा टाकीच्या खोलीपाशी आला, गळक्या छताखाली आला, शेवटी घराघरांत आला. बाईंनी निरोप पाठवला, की मी हे कुत्र्याची भीती घालवायला शिकवते, माणसाचा राग घालवायला नव्हे. निरोपावर आल्याचा शिक्का मारण्यात आला.

तक्रारवहीची पाने कोरी राहू लागली. महिनाभरात एकच नोंद झाली, आणि ती काकांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात होती: 'लिफ्ट बंद आहे. पाचव्या मजल्यावरच्या आजी वर्षभर खाली उतरल्या नाहीत. बिस्किट परत करत आहे.' पानाला खरोखरच एक बिस्किट टाचलेले होते.

समितीने गंभीर दखल घेतली. पहारेकरी प्रशिक्षणास प्रतिसाद देत नाही, सबब त्यास सेवामुक्त करण्यात येत आहे.

काका सकाळी निघाले. खुर्ची समितीची होती, ती त्यांनी पुसून भिंतीला लावली. हातात जेवणाचा रिकामा डबा आणि एक बोचके. खिडक्यांत लोक आले. त्यांनी काकांकडे पाहिले. मग एकेक मान वळली, कुणी शिकवल्यासारखी नव्हे, अगदी आपणहून. आणि बिस्किटांच्या डब्यांची झाकणे उघडल्याचा बारीक आवाज मजल्यामजल्यांवरून खाली आला.

कारकून सुभेदाराला घेऊन अंगणातच उभा होता. त्याला काहीतरी बोलायचे होते. शब्द घशाशी आले, रांगेत उभे राहिले आणि एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणू लागले. मूठ सैल होती. इतकी सैल ती कधीच नव्हती.

सुभेदाराने काकांकडे पाहिले. पाहतच राहिला. मान वळवली नाही. काका फाटकाबाहेर पडले, तेव्हा तो एकदाच भुंकला. हा त्याचा जुना आवाज नव्हता. एखाद्याला मागे बोलवावे तसा तो होता.

वरच्या सज्जात सचिव आले. त्यांनी चष्मा काढला.

"कोण भुंकलं?"

काका फाटकाबाहेर थांबले होते. कारकुनाला प्रमाणपत्र आठवले, त्याची किनार आठवली, संध्याकाळी दार खरवडणारे पंजे आठवले. रांगेतला एक शब्द पुढे आला.

"कुणी नाही," तो म्हणाला.

सचिवांनी तशी नोंद घेतली आणि ते आत गेले. काकाही गेले. कारकुनाने घाईघाईने खिशातून बिस्किट काढून सुभेदारापुढे धरले. सुभेदाराने बिस्किटाकडे पाहिले, मग कारकुनाकडे पाहिले, आणि मान वळवली.

बिस्किट वाया जाऊ नये म्हणून ते कारकुनानेच तोंडात टाकले. चव कशी होती, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.